पेटंट, संशोधनाचा खर्च आणि कारखान्याचा नफा : खानदेशातल्या उद्योजकांकडून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळ्याजवळचं अवधान, शिरपूर, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यातल्या कारखानदारांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण डाळ मिल, पीव्हीसी पाइप, प्लॅस्टिकची चटई, ठिबकचे सुटे भाग, मिरची पावडर, केळीचे वेफर्स किंवा शेतीची अवजारं बनवतात. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेटंट घेतलं म्हणजे नेमकं काय हातात येतं?

दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. ती वस्तू तुमच्या परवानगीशिवाय कोणी बनवू, वापरू, विकू किंवा आयात करू नये, हे तुम्ही कोर्टामार्फत सांगू शकता. मुदत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षं, हद्द फक्त भारत. पेटंट हा दर्जाचा शिक्का नाही आणि सरकार त्यापोटी पैसेही देत नाही. तुमच्या वस्तूत दुसऱ्याचा पेटंट असलेला भाग असेल, तर तुमचं पेटंट असूनही तुम्हाला त्याची परवानगी लागते. ही शेवटची गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते.

शोध नवा हवा, त्या कामातल्या जाणकारालाही सहज सुचणार नाही असा हवा आणि कारखान्यात प्रत्यक्ष वापरता येईल असा हवा. चीन, जर्मनी, जपानमध्ये छोट्या सुधारणांना कमी मुदतीचं हलकं संरक्षण मिळतं. भारतात ती सोय नाही. त्यामुळे आपल्याकडच्या छोट्या सुधारणेला एकतर पेटंटची पूर्ण कसोटी पार करावी लागते, नाहीतर डिझाइन नोंदणीवर समाधान मानावं लागतं (प्रश्न ८).

२. आमच्याकडे संशोधन विभाग नाही, लॅब नाही. मग आम्ही संशोधनावर खर्च करतो असं म्हणायचं का?

करता, फक्त लिहून ठेवत नाही. एक्स्ट्रुडरवर (प्लॅस्टिक वितळवून नळी काढणारं यंत्र) नवा डाय (नळीला आकार देणारं तोंड) बसवला, सुरुवातीचे काही तास नळीची जाडी एकसारखी येईना, तेवढी नळी ग्राइंडरमध्ये गेली आणि तिचा पुन्हा दाणा झाला. हिशेबात हे 'वेस्टेज' म्हणून पडतं. फोरमनचा दिवस पगारात जातो, वीज लाइट बिलात जाते, डाय दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याचं बिल जॉबवर्कमध्ये जातं. वर्षाखेरीला सीएच्या ताळेबंदात संशोधनाचा आकडा शून्य दिसतो आणि मालकालाही वाटतं, आपण काही केलंच नाही.

माझा आग्रह एवढाच असतो की टॅलीत 'चाचणी व विकास' नावाचं वेगळं लेजर उघडा आणि यंत्राशेजारी एक बांधीव वही ठेवा. वहीत तारीख, काय बदललं, का बदललं, किती माल गेला, किती तास गेले, निकाल काय आला आणि कोणाची सही, एवढंच लिहायचं. सुटी पानं नकोत. हीच वही करासाठी पुरावा होते (प्रश्न ९), शोध कोणाचा हे ठरवायला उपयोगी पडते (प्रश्न १३), आणि तीच चाचणी तीन वर्षांनी नव्या सुपरवायझरकडून पुन्हा होत नाही.

रोजची गुणवत्ता तपासणी, यंत्राची देखभाल, बाजारपेठेची पाहणी किंवा बाजारात तयार मिळणारं नवं मशीन घेणं, हे संशोधनात धरू नका. निकाल काय येईल हे आधी माहीत नाही आणि तो शोधण्यासाठी खर्च होतो, तेवढंच संशोधन.

३. संशोधनावर पैसे घातले तर नफा खरंच वाढतो का? की हे पुस्तकी आहे?

सरासरी वाढतो, पण सगळ्यांचा नाही आणि सारखा नाही.

अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिखेस यांनी १९७९ च्या सुमाराला या अभ्यासाची चौकट घालून दिली. यंत्रसामग्रीसारखाच कंपनीकडे ज्ञानाचाही साठा असतो, असं त्यांनी मानलं. दरवर्षीचा संशोधन खर्च त्यात भर घालतो आणि जुनं ज्ञान कालबाह्य होत जातं. ही घसरण अभ्यासक साधारणपणे वर्षाला १५ टक्के धरतात. या चौकटीवर नंतर अनेक देशांत मोजमाप झालं. ब्रॉनविन हॉल, जॅक मेरेस आणि पिअर मोनेन यांनी २०१० मध्ये त्या सगळ्याचा आढावा घेतला. ज्ञानाचा साठा १० टक्क्यांनी वाढला की उत्पादन वाढल्याचे अंदाज ०.१ टक्क्यापासून २.५ टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले, मधला आकडा ०.८ टक्क्याच्या आसपास. हे अंदाज मुख्यतः श्रीमंत देशांतल्या, संशोधन खर्च नोंदवणाऱ्या कंपन्यांचे आहेत. तुमच्या ४० कामगारांच्या कारखान्याला ते जसेच्या तसे लावू नका.

साठ्याची कल्पना मात्र तुमच्या कामाची आहे. समजा, दरवर्षी ५ लाख रुपये चाचण्यांवर जातात. पाच वर्षांत २५ लाख गेले तरी १५ टक्के घसरणीने साठा सुमारे १८.५ लाखांचा उरतो. तिथे खर्च पूर्ण थांबवला तर पुढच्या चार वर्षांत तो जवळपास निम्म्यावर येतो. एका वर्षी २० लाख घालून नंतर तीन वर्षं काहीच न करण्यापेक्षा दरवर्षी थोडं पण न चुकता करणं का फायद्याचं, ते यातून दिसतं.

एक सावधगिरीही बाळगा. चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांकडे पैसा असतो, म्हणून त्या संशोधन करतात. 'संशोधन करणाऱ्या कंपन्या जास्त नफा कमावतात' हे वाक्य खरं असलं तरी नफा संशोधनामुळेच आला, असा त्याचा अर्थ होत नाही. चांगले अभ्यास हा गुंता सोडवायचा प्रयत्न करतात, जाहिराती करत नाहीत.

४. घातलेला पैसा परत यायला किती वर्षं लागतात?

काय बदलता त्यावर ते आहे. कारखान्याच्या आतल्या प्रक्रियेतली सुधारणा लवकर पैसे देते, कारण ग्राहकाला काही पटवून द्यावं लागत नाही. जळगावातल्या डाळ मिलचं गणित घ्या. समजा, मिल दिवसाला २० टन तूर दळते आणि डाळीचा उतारा एकच टक्का वाढला. म्हणजे रोज २०० किलो माल चुनी-खंड्यात न जाता डाळीत आला. दोन्हींच्या भावात किलोमागे ६० रुपयांचा फरक धरला तर रोजचे १२,००० रुपये, २०० दिवसांच्या हंगामाचे २४ लाख. भाव आणि टनेज तुमचं घाला, गणित तेच राहील. अशा सुधारणेवर दोन-तीन लाखांच्या चाचण्या झाल्या असतील तर पैसा त्याच हंगामात सुटतो.

नव्या वस्तूचं तसं नाही. साचा करायचा, शेतकऱ्याच्या बांधावर एक-दोन हंगाम चालवायची, डीलरला पटवायची, मग मागणी. या काळात नफा उलट कमी दिसतो, कारण लेखामानक २६ (अमूर्त मालमत्तेच्या हिशेबाचा नियम) प्रमाणे संशोधनाच्या टप्प्याचा खर्च त्याच वर्षी नफा-तोट्यात टाकावा लागतो. वस्तू तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होणार, ती विकली जाणार आणि खर्च नीट मोजता येतो, अशा अटी पुऱ्या झाल्यावरच विकासाच्या टप्प्याचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो. बँकेच्या अधिकाऱ्याला घसरलेला नफा दिसतो, त्यामागची चाचणी दिसत नाही. लिमिट वाढवून मागायला जाताना प्रश्न २ मधल्या लेजरची प्रत सोबत न्या.

५. ज्याच्याकडे पेटंट जास्त, ती कंपनी भारी, असं मानायचं का?

नाही. पेटंटची संख्या हा फार कच्चा मापदंड आहे. फ्रेडरिक शेरर आणि डीटमार हारहॉफ यांनी शोधांच्या अनेक गटांचं उत्पन्न तपासलं, तेव्हा प्रत्येक गटातल्या सर्वात वरच्या १० टक्के शोधांनीच एकूण कमाईचा ४८ ते ९३ टक्के वाटा उचलल्याचं दिसलं. बाकीचे कपाटात. भारतात २०२३-२४ मध्ये १ लाखाहून जास्त पेटंट मंजूर झाली. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, पण त्यातली किती यंत्रावर चढली हे त्यावरून कळत नाही. त्याच वेळी देशाचा एकूण संशोधन खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के एवढाच आहे (२०२०-२१), आणि त्यातही खासगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी. आपल्याकडे कागद वेगाने वाढले, चाचण्या त्या वेगाने वाढल्या नाहीत, असं माझं मत आहे.

दुसऱ्याच्या पेटंटची ताकद ओळखायची असेल तर त्याचं नूतनीकरण (पेटंट चालू ठेवायची वार्षिक फी) किती वर्षं भरलं आहे ते पाहा. पैसे देत नसलेल्या पेटंटची फी कोणी वर्षानुवर्षं भरत नाही. पुढच्या पेटंटांमध्ये त्याचा उल्लेख किती वेळा झाला, हेही बघा. हॉल, जॅफ आणि ट्रॅच्टनबर्ग यांच्या २००५ च्या अभ्यासात अमेरिकी कंपन्यांचं बाजारमूल्य अशा उल्लेखांशी चांगलं जुळलं होतं.

याची दुसरी बाजूही आहे. नव्या कंपनीचं पहिलं पेटंट मोठा फरक पाडू शकतं. फार्रे-मेन्सा, हेगडे आणि लुंगक्विस्ट यांनी अमेरिकेतल्या स्टार्टअप तपासल्या. ज्यांना केवळ सौम्य परीक्षक (पेटंटचा अर्ज तपासणारा अधिकारी) वाट्याला आल्यामुळे पहिलं पेटंट मिळालं, त्यांची पाच वर्षांतली विक्रीची वाढ नशीब न लाभलेल्यांपेक्षा सरासरी ८० टक्के जास्त होती आणि रोजगाराची वाढ ५५ टक्के जास्त. पेटंट दाखवून भांडवल उभं राहिलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. आपल्या भागात असं जोखमीचं भांडवल फारसं फिरत नाही, म्हणून इथे तेवढ्या परिणामाची अपेक्षा धरू नका.

६. मग कशाचं पेटंट घ्यायचं आणि कशाचं नाही?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. वस्तू विकताना शोध उघडा पडतो का, एवढं स्वतःला विचारा.

१६ एमएमची इनलाइन ठिबकची नळी घ्या आणि ब्लेडने उभी चिरा. आत ठरावीक अंतरावर चिकटलेला बोटाच्या पेराएवढा चपटा ड्रीपर दिसतो. एका बाजूला कचरा अडवणारी बारीक जाळी, मग दातेरी नागमोडी वाट, आणि दाब-नियंत्रित प्रकार असेल तर रबरी पडदा. पाणी त्या दातांवर आपटत जातं, दाब कमी होतो आणि थेंब ठरल्या वेगाने पडतो. दातांचा कोन, वाटेची रुंदी, जाळीची भोकं, सगळं मोजपट्टीखाली येतं. दुकानातून एक मीटर नळी घेणारा कोणीही ते मोजू शकतो आणि साचा बनवणारे राजकोटपासून पुण्यापर्यंत आहेत. इथे शोध लपवून ठेवता येत नाही. तो खरोखर नवा असेल तर पेटंट घ्याच.

आता मूठभर तूर डाळ हातात घ्या. रोलरवर दाण्याला किती चरे दिले, तेल किती टक्के लावलं, ढीग किती तास मुरत ठेवला, पाण्याचा हबका कधी दिला, वाळवण किती केलं, हे डाळीकडे पाहून सांगता येत नाही. फार तर तुमची डाळ चकचकीत आहे आणि कड तुटलेली नाही, एवढं कळेल. याचं पेटंट घेतलंत तर अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तुमची कृती जगाला वाचायला मिळते. शेजारच्या मिलमध्ये बंद दाराआड ती वापरली जाते, हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. अशी गोष्ट गुपित ठेवा. ज्यांना ती कळते त्यांच्याशी लेखी करार करा आणि एकाच माणसाकडे पूर्ण कृती राहणार नाही अशी कामाची वाटणी करा.

अमेरिकेतल्या कारखान्यांच्या संशोधन प्रमुखांची १९९४ मध्ये मोठी पाहणी झाली होती (वेस्ली कोहेन आणि सहकारी). नफा टिकवण्याचं साधन म्हणून बहुतेक उद्योगांनी गुप्तता आणि बाजारात आधी पोचणं यांना पेटंटच्या वर ठेवलं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं हे ठळक अपवाद होते. पेटंट म्हणजेच संशोधन, असं शाळा-कॉलेजांतून शिकवलं जातं. कारखानदारांचा अनुभव तसा नाही.

७. एकूण खर्च किती येतो?

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना सरकारी फीत मोठी सवलत आहे. ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये (३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत; दावा म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क सांगता ते वाक्य), परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये, लवकर परीक्षण हवं असेल तर ८,००० रुपये. मोठ्या कंपनीला हेच आकडे ८,०००, २०,००० आणि ६०,००० पडतात. सवलतीसाठी उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र फॉर्म २८ सोबत जोडायचं. नूतनीकरण मंजुरीनंतर भरायचं, पण वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात आणि फी तिसऱ्या वर्षापासून लागते. ३ ते ६ वर्षांना दरवर्षी ८००, ७ ते १० ला २,४००, ११ ते १५ ला ४,८०० आणि १६ ते २० ला ८,००० रुपये. वीसही वर्षं भरलीत तर नूतनीकरणाचे ७६,८०० रुपये होतात. किमान चार वर्षांचं नूतनीकरण एकदम ऑनलाइन आगाऊ भरलं तर १० टक्के सूट आहे.

खरा खर्च अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटाचा. तिथे हात आखडू नका. दावे कच्चे लिहिले तर शेजारी एक बोल्ट बदलून सुटतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजनेत मंजूर भारतीय पेटंटसाठी १ लाख आणि परदेशी पेटंटसाठी ५ लाख रुपयांपर्यंत परतफेडीची तरतूद आहे.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. सगळं ऑनलाइन होतं, जळगावहून गाडी पकडायची गरज नाही. २०२४ च्या नियमांनी परीक्षणाची विनंती करायची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणली आहे. ही तारीख चुकली की अर्ज मागे घेतला असं मानलं जातं.

८. गेल्या हंगामात माल विकला, कृषी प्रदर्शनातही मांडला. आता पेटंट मिळेल का?

विक्री झाली असेल तर बहुतेक नाही. शोध नवा असण्याची अट तिथेच मोडते, आणि तो तुम्हीच उघड केला याने फरक पडत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला व्हिडिओही तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो.

तुमच्या उपयोगाचे अपवाद दोन, दोन्ही अरुंद. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली असेल तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. तालुक्याच्या मैदानावरचं नेहमीचं कृषी प्रदर्शन यात बसत नाही. दुसरा अपवाद चाचणीचा. वस्तूच अशी असेल की तिची चाचणी उघड्यावरच घ्यावी लागते, आणि केवळ चाचणीसाठीच ती अर्जाआधीच्या एका वर्षात चालवली असेल, तर नवेपणा जात नाही. रावेरच्या केळीच्या बागेत नवा फिल्टर लावून पाहिलात आणि शेतकऱ्याकडून पैसे घेतले नाहीत, तर हा बचाव मांडता येतो. त्यासाठी शेतकऱ्याशी एक पानाचा करार आणि वहीतली नोंद हवी.

सोपा मार्ग असा की दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज करून ठेवा. त्याने तारीख पक्की होते आणि संपूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. वस्तूचं नुसतं रूप वेगळं असेल, उदाहरणार्थ चटईची नक्षी किंवा डब्याचा आकार, तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करा. मुदत १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढते. पण तिथेही आधी बाजारात आलेलं चालत नाही.

९. संशोधनाच्या खर्चावर आयकरात दुप्पट वजावट मिळते ना?

मिळायची. मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधन केंद्र असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के, पुढे ३१ मार्च २०२० पर्यंत १५० टक्के वजावट होती. त्यानंतर ती १०० टक्क्यांवर आली, म्हणजे खर्च केला तेवढाच वजा. कमी दराची कॉर्पोरेट करप्रणाली निवडलेल्या कंपनीला या वजावटीचा लाभ घेताच येत नाही. धंद्याशी संबंधित साध्या संशोधन खर्चाची पूर्ण वजावट वेगळ्या कलमाने मिळते, जमिनीची किंमत सोडून यंत्रांचीही. भारतात विकसित आणि नोंदलेल्या पेटंटच्या रॉयल्टीवर १० टक्के दराने कर भरायचा पर्याय २०१६-१७ पासून आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएशी बोलताना क्रमांकाऐवजी खर्चाचा प्रकार सांगा.

१०. केळीची लागवड पद्धत, भरिताच्या वांग्याचं बियाणं किंवा आजीचा मसाला, याचं पेटंट निघेल का?

नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ ने शेतीची पद्धत, वनस्पती, बियाणं आणि पारंपरिक ज्ञान हे सगळं बाहेर ठेवलं आहे. नव्या वाणासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. जळगावची केळी आणि जळगावचं भरीत वांगं यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो हक्क त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा सामूहिक आहे, एका कारखान्याचा नाही.

पारंपरिक ज्ञानाची बाजू हलकी समजू नका. हळदीने जखम भरते या गोष्टीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं होतं. सीएसआयआरने (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद), तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने, जुने दाखले मांडून ते १९९७ मध्ये रद्द करवलं.

केळीच्या खोडापासून धागा काढणारं यंत्र, वेफर्स तळताना तेल कमी शोषलं जावं म्हणून बनवलेली उपकरणाची रचना, मिरचीचं देठ तोडणारी यंत्रणा यांना मात्र नवेपणा असेल तर दार उघडं आहे.

११. दोन जुनी मशीनं जोडून मी एक नवं मशीन केलं. हा शोध धरला जाईल?

दोन्ही भाग आपापलं जुनंच काम करत असतील तर नाही, कलम ३(एफ) आडवं येतं. पेरणी यंत्रावर खताची पेटी बसवली आणि दोन्ही वेगवेगळं चालतात, तर ती नुसती मांडणी. पण जोडल्यामुळे नवा परिणाम साधला, समजा ओलाव्याप्रमाणे खताचं प्रमाण आपोआप बदलू लागलं, तर अर्जात तो परिणाम मोजून दाखवा. पुन्हा वहीच कामी येते.

१२. स्वतः संशोधन करण्यापेक्षा तयार तंत्रज्ञान घेतलेलं काय वाईट?

काहीच वाईट नाही, लहान कारखान्याने सुरुवात तिथूनच करावी. म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी डाळ प्रक्रियेवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. अकोल्याची मिनी डाळ मिल त्यातलीच. मुदत संपलेली पेटंट कोणालाही वापरता येतात. जे शोध परदेशात नोंदले आहेत पण भारतात नाहीत, ते इथे बनवून इथेच विकायला पेटंटची अडचण येत नाही. भारतीय पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या शोधयंत्रावर हे फुकट पाहता येतं. नवा साचा टाकण्याआधी एक दिवस तिथे घालवा.

तरीही थोडं स्वतःचं संशोधन लागतंच. कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थॉल यांनी १९८९-९० मध्ये दाखवून दिलं की संशोधनाचे फायदे दोन. नवं सापडतं, आणि दुसऱ्याचं समजण्याची क्षमता येते. ठिबक इस्रायलमध्ये १९६० च्या दशकात घडलं. जळगावात जैन इरिगेशनने ते आपली जमीन, पाणी आणि छोट्या शेतकऱ्याच्या खिशाला बसेल असं रुजवलं. त्यासाठी इथे शेतावर प्रयोग करावे लागले. आणलेलं तंत्र जसंच्या तसं चालत नाही, हे खानदेशात मे महिन्यात मशीन चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

१३. आमच्या फोरमनने युक्ती काढली. पेटंट कोणाच्या नावावर होणार? कॉलेजच्या प्राध्यापकांची मदत घेतली तर?

शोधक म्हणून नाव त्याचंच लागणार, कारण अर्जात खरा आणि पहिला शोधक लिहावाच लागतो. पण मालकी लेखी हस्तांतर करून कंपनीकडे येऊ शकते. नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो असं पेटंट कायदा म्हणत नाही, म्हणून नेमणूकपत्रात तसं कलम घाला. आणि त्या फोरमनला बक्षीस द्या, जाहीरपणे द्या. पुढची युक्ती त्यावरच अवलंबून आहे.

विद्यापीठ किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात चाचणी करण्याआधी गुप्ततेचा आणि मालकीचा करार करा. विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल ग्रंथालयात ठेवला गेला तर नवेपणा गेला, असा धोका असतो.

१४. अर्ज केलाय. डब्यावर 'पेटंटेड' छापू का?

नाही. मंजुरीआधी फार तर 'पेटंट अर्ज दाखल' लिहा. खोटा दावा केल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मंजुरीनंतर पेटंटचा क्रमांकही छापा, नुसत्या शब्दाने नक्कल करणाऱ्याला सूचना मिळाली असं धरलं जात नाही.

१५. भाऊ, पेटंट मिळालं आणि तरी शेजाऱ्याने नक्कल केली. आता?

दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वरच्या न्यायालयात चालतो. समोरच्याने 'तुमचं पेटंटच रद्द करा' असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आणि तो असा दावा करतोच. नुकसानभरपाई अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मागता येते, पण दावा मंजुरीनंतरच लावता येतो. म्हणून पेटंट घेताना वकिलाचा खर्च सोसायची तयारी आहे का, हेही ठरवा. बऱ्याच वेळा परवाना देऊन रॉयल्टी घेणं दोघांनाही परवडतं, विशेषतः समोरचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात विकत असेल तर.

१६. पेटंट घेऊन वस्तू बनवलीच नाही तर चालतं का?

मंजुरीला तीन वर्षं झाल्यावर, लोकांची गरज भागत नाही, किंमत परवडत नाही किंवा भारतात वापरच होत नाही, या कारणांवर दुसरा कोणीही सक्तीचा परवाना मागू शकतो. असा पहिला परवाना मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधासाठी मिळाला. महिन्याचा सुमारे २.८ लाखांचा खर्च ८,८८० रुपयांवर आला. पेटंटचा वापर होतो की नाही याचं विवरण फॉर्म २७ मध्ये द्यावं लागतं, २०२४ पासून ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा. नूतनीकरण चुकून राहिलं असेल तर पेटंट बंद पडल्यापासून १८ महिन्यांत ते पुन्हा जिवंत करायचा अर्ज करता येतो.

१७. यंदा मंदी आहे. संशोधनाचा खर्च आधी कापू का?

साहित्य आणि नवे साचे पुढे ढकला, माणसं ठेवा. संशोधन खर्चाचा मोठा भाग पगार असतो आणि शिकलेलं बहुतांश माणसाच्या डोक्यात असतं. चाचणी करणारा फोरमन गेला की प्रश्न ३ मधला साठा त्याच्याबरोबर बाहेर जातो, आणि तो कुठे जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन चाचण्या चालू असतील तर वही उघडा. जिच्या नोंदींत निकाल महिन्यामागून महिना सुधारतोय ती चालू ठेवा. जिच्यात तोच बदल नव्या नावाने पुन्हा लिहिला जातोय ती बंद करा. मंदीत यंत्र रिकामं असतं, चाचणीला तोच वेळ स्वस्त पडतो. पेटंटच्या नूतनीकरणाची यादीही याच वेळी तपासा आणि ज्या वस्तूचा साचा तीन वर्षांत यंत्रावर चढला नाही, तिची फी भरू नका.